कोरड्या नदीचं तिकीट

मेट्रोच्या पायऱ्या चढून वर आले
तर पूल समोरच होता,
आणि पुलाखाली
नदी नव्हती.

नकाशात होती. निळी, ठसठशीत.
हॉटेलातल्या मुलीने तिच्यावरून पेन फिरवत सांगितलं होतं,
आधी तेहतीस कमानींचा, मग काठाकाठाने लाकडी पूल
(तो विटांचा आहे, नाव तेवढं लाकडी),
मग ख्वाजू.
इस्फहानमध्ये कुणी हरवत नाही,
फक्त नदीचा हात सोडू नका.

मी कमानी मोजल्या. एकतीस.
पुन्हा मोजल्या तर चौतीस.
बाकावरची बाई सूर्यफुलाच्या बिया सोलत हसली,
तीन बोटं दाखवली, मग पुन्हा तीच तीन.

सकाळी चाळीस खांबांचा महाल झाला होता.
खरे खांब वीसच, उरलेले वीस
हौदातलं पाणी देतं.
हौद नेमका धुवायला उपसलेला.
तिकीट अर्धं घ्या, म्हणणार होते,
पण तेवढी फारसी येत नाही.

येते ती अशी सुटी सुटी:
मैदान, बाजार, शहर, दुकान,
गालिचा, कारखाना.
माझ्या तोंडून हे शब्द पडले की दुकानदार चमकून बघतो,
जणू त्याची हरवलेली छत्री
माझ्या हातात दिसावी.
पूलसुद्धा त्यांचाच.
कधीतरी कुणाच्या तरी घोड्यामागून निघाला,
आमचे ओढेनाले बघून थांबला,
आणि परत जायचं राहूनच गेलं त्याचं.

पात्रात उतरले. उतरता येतं.
भेगा पडलेल्या गाळावर पोरं फुटबॉल खेळत होती,
आणि कमानींच्या सावलीत ओळीने उभ्या
पायडलच्या हंसनौका,
माना ताठ, चोची ताज्या रंगवलेल्या.
एक म्हातारा ओल्या फडक्याने त्यांचे डोळे पुसत होता.

नाव फरामर्ज. नातू कियान इंग्रजी शिकतो, तो दुभाषा.
तिकीट आहे, म्हणाला.
कशाचं?
नौकेचं. अर्धा तास.
मी पैसे दिले. त्याने गठ्ठ्यातून एक फाडून दिलं,
वेळ लिहिली, घड्याळ बघून, सहा वाजून दहा.
नंबर चौदा.

बसले. पायडल मारले.
खाली पंखा हवेत फिरला, किर्र किर्र,
नि कोरड्या मातीचा वास वर आला.
शेजारून एक सायकलवाला
मला मागे टाकून पैलतीराला गेला.

पाणी कधी येतं, विचारलं.
धरणातून सोडलं की.
मागे एकदा रात्री दोनला आलं,
माणसं झोपेच्या कपड्यांत पुलावर धावली,
हा मात्र खाली धावला, दोर बांधायला.

मग रोज कशाला पुसता?

म्हातारा एकच शब्द बोलला.
कियान अडला. डोकं खाजवलं.
आब म्हणजे पाणी, म्हणाला, रू म्हणजे चेहरा,
चेहऱ्यावरचं पाणी,
म्हणजे घाम नाही, अश्रू नाही, म्हणजे, थांबा,
आणि फोनमध्ये शोधू लागला.

आबेरू.

राहू दे रे, म्हटलं. कळलं.
माझी आई हा शब्द
दार लोटून, आवाज खाली आणून वापरायची.
त्यात पाणी आहे
हे तिलाही कुणी सांगितलं नसावं.

ख्वाजूला जायचं राहिलं.
तिथे संध्याकाळी पुलाखाली माणसं गातात म्हणे;
वारा इकडचा होता, तेव्हा एखादी तान आली असेल,
किंवा पायडलच असेल.
वर दिवे लागले. कमानी एकेक करून पिवळ्या होत गेल्या.
मी मोजल्या नाहीत.

सहा चाळीसला फरामर्जने शिट्टी फुंकली,
दोन्ही हात तोंडाशी धरून
माझ्यापासून चार पावलांवरून
लांब पाण्यात हाक मारावी तसा ओरडला,
चहारदह! चहारदह!

मी हंसाची मान काठाकडे वळवली
आणि जोर लावून
परत आले.